इंटेल तोट्यात आहे म्हणून दुकानातला माल काढून टाकावा का?

प्रश्न : लातूरला औसा रोडवर माझे संगणक विक्री व दुरुस्तीचे दुकान आहे. शिकवणी वर्ग, टायपिंग संस्था, आडत दुकाने आणि सेवा केंद्रे हे माझे नेहमीचे गिऱ्हाईक. आजवर मी बहुतेक इंटेलच्या प्रोसेसरवर संगणक जोडून देत आलो. मात्र अलीकडे शिकायला आलेली मुले नाव घेऊन एएमडी मागतात. वितरकाचा माणूस सांगतो की इंटेलला विक्रमी तोटा झाला आहे, भाव उतरले आहेत, जास्त माल उचला. पुण्यात आयटी कंपनीत असलेले माझे मेहुणे नेमके उलटे सांगतात. त्यांच्या मते इंटेल आता बुडणार, म्हणून तो माल मिळेल त्या भावात काढून टाकावा आणि दुकानाच्या खेळत्या भांडवलातले सहा लाख रुपये एएमडीच्या शेअरमध्ये घालावेत. दोघेही आकडे दाखवतात. मी कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : वितरकाचा माणूस आणि आपले मेहुणे एकाच आकड्यावरून दोन टोकाचे निष्कर्ष काढत आहेत, म्हणून आधी तो आकडा नीट पाहू. २०२४ साली इंटेलची विक्री सुमारे ५,३१० कोटी डॉलर होती आणि निव्वळ तोटा सुमारे १,८८० कोटी डॉलर. अवघ्या तीन वर्षांपूर्वी, म्हणजे २०२१ मध्ये, याच कंपनीने सुमारे ७,९०० कोटी डॉलरच्या विक्रीवर जवळजवळ २,००० कोटी डॉलर निव्वळ नफा मिळवला होता. घसरण मोठी आहे, हे मेहुण्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु २०२४ च्या त्या तोट्याचा फार मोठा भाग एकाच तिमाहीत दाखवला गेला. त्या तिमाहीत कंपनीने जुन्या यंत्रसामग्रीचे, पूर्वी विकत घेतलेल्या व्यवसायाच्या गुडविलचे (म्हणजे त्याच्या मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेल्या रकमेचे) आणि करसवलतींच्या अपेक्षेपोटी ताळेबंदात धरलेल्या मालमत्तेचे मूल्य हिशेबात खाली आणले. आपण वापरलेला यूपीएस बॅटरीचा जुना साठा भंगार म्हणून वहीतून काढून टाकता, तेव्हा त्या दिवशी गल्ल्यातून पैसा जात नाही. तो खरेदीच्या वेळीच गेलेला असतो. ही नोंद खोटी नसते, पण तिच्यावरून कंपनीच्या रोजच्या विक्रीची प्रकृती कळत नाही.

आपल्या दृष्टीने अधिक उपयोगी आकडा त्याच अहवालात आत दडलेला आहे. इंटेलचा जो विभाग डेस्कटॉप आणि लॅपटॉपचे प्रोसेसर विकतो, म्हणजे ज्याचा माल आपल्या काउंटरवर येतो, त्या विभागाने २०२४ मध्ये सुमारे ३,००० कोटी डॉलरची विक्री केली आणि त्यावर १,००० कोटी डॉलरच्या आसपास व्यवहारातला नफा दाखवला. त्याच वर्षी कंपनीच्या कारखान्यांच्या विभागाला, ज्याला ते फाउंड्री म्हणतात, तेरा हजार दशलक्ष म्हणजे १,३०० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. २०२३ मध्ये हाच तोटा सुमारे ७०० कोटी होता. दोन विभागांत आपसात कोणता भाव लावायचा हे कंपनीच ठरवते, त्यामुळे ही विभागणी शंभर टक्के नैसर्गिक मानू नये. तरीही खड्डा कुठे आहे ते तिच्यावरून स्वच्छ दिसते. तो प्रोसेसरच्या विक्रीत नसून प्रोसेसर तयार करणाऱ्या कारखान्यांत आहे.

हे गणित मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. साखर कारखान्याची गाळप क्षमता मोठी आणि परिसरात ऊस कमी, अशी वर्षे आपण पाहिली आहेत. ऊस येवो न येवो, बँकेचे हप्ते, कामगारांचे पगार आणि यंत्रांची देखभाल चुकत नाही, आणि जितके टन कमी तितका प्रत्येक पोत्यावरचा बोजा जास्त. चिपच्या कारखान्यात हाच प्रकार कित्येक पटींनी मोठा होतो. सर्वांत बारीक रेषा छापणारे यंत्र नेदरलँड्सची एएसएमएल ही एकच कंपनी बनवते आणि एकेका यंत्राची किंमत १५ कोटी डॉलरच्या वर जाते. इंटेलने २०२२ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात दोन कारखान्यांची घोषणा केली, तेव्हा गुंतवणुकीचा आकडा २,००० कोटी डॉलरहून अधिक होता आणि ते काम आता पुढच्या दशकाच्या तोंडावर ढकलले गेले आहे. त्यात गंमत अशी की २०२४ च्या अखेरीस बाजारात आलेल्या इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचा मुख्य गणनेचा भाग तैवानच्या टीएसएमसी कंपनीने तयार केला आहे. स्वतःच्या कारखान्याला ऊस कमी पडत असताना स्वतःचाच ऊस शेजारच्या कारखान्यावर घालायची पाळी आली, तर संचालकांची झोप उडणारच.

एएमडीने हा बोजा फार पूर्वी अंगावरून उतरवला, पण तो शहाणपणाने आधीच ओळखून नव्हे, नाइलाजाने. त्या कंपनीचा हा भाग मेहुण्यांना मुद्दाम सांगा, कारण ‘ज्याचा माल सरस त्याला नफा’ या त्यांच्या गृहीतकाला त्यातून उत्तर मिळते.

२००३ मध्ये एएमडीने ऑप्टेरॉन आणि अ‍ॅथलॉन ६४ हे प्रोसेसर आणले. ६४ बिटची जी रचना त्यांनी तेव्हा मांडली, ती इतकी सोयीची ठरली की पुढे इंटेललाही तीच स्वीकारावी लागली. आज आपल्या दुकानात इंटेलचा कोणताही संगणक सुरू केला तरी तो त्याच रचनेवर चालतो. त्या काळातला इंटेलचा पेंटियम ४ तापायचा, वीज खायचा आणि कामात मागे पडायचा, हे आपल्या व्यवसायातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. तरीही २००५ या वर्षाचे हिशेब काढले तर इंटेलचा निव्वळ नफा सुमारे ८७० कोटी डॉलर आणि एएमडीचा सुमारे १६.५ कोटी डॉलर दिसतो. माल सरस असूनही नफ्यात पन्नास पटींचे अंतर होते. एएमडीकडे मागणी पुरी करण्याइतके कारखाने नव्हते, हे त्याचे एक कारण. दुसरे म्हणजे डेलसारखा मोठा खरेदीदार २००६ पर्यंत त्यांचे प्रोसेसर घेतच नव्हता. मोठ्या संगणक कंपन्यांना इंटेल जी सूट देत असे, तिच्या अटींवरून युरोपीय आयोगाने २००९ मध्ये इंटेलला १०६ कोटी युरोंचा दंड ठोठावला. तेथील न्यायालयाने २०२२ मध्ये तो रद्द केला आणि आयोगाने २०२३ मध्ये उरलेल्या आरोपांपुरता ३७.६ कोटी युरोंचा दंड नव्याने लावला. दरम्यान २००९ मध्येच इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन आपसातले दावे मिटवले. म्हणजे कागदोपत्री न्याय मिळाला, पण ज्या तीन वर्षांत एएमडीचा माल खरोखर पुढे होता, ती वर्षे त्यात परत आली नाहीत.

जुलै २००६ मध्ये इंटेलने कोअर २ हा प्रोसेसर आणला आणि पारडे फिरले. एएमडीने त्याच वर्षी एटीआय ही ग्राफिक्स कंपनी सुमारे ५४० कोटी डॉलरना घेतली होती. वर किंमतयुद्ध पेटले आणि कंपनीला २००७ मध्ये सुमारे ३३८ कोटी, २००८ मध्ये सुमारे ३१० कोटी डॉलर तोटा झाला. त्यातही एटीआयचे मूल्य हिशेबात खाली आणल्याचा वाटा मोठा होता, म्हणजे आज इंटेलच्या बाबतीत जे दिसते तेच. कंपनीच्या आकारमानाने पाहिले तर एएमडीचा तोटा अधिक भयंकर होता. ‘एएमडी बुडणार’ हे वाक्य तेव्हा आपल्याच व्यवसायात किती आत्मविश्वासाने बोलले जाई! शेवटी २००९ मध्ये कारखाने वेगळे काढून, अबुधाबीच्या सरकारी पैशाच्या आधारावर ग्लोबलफाउंड्रीज ही स्वतंत्र कंपनी उभी राहिली आणि एएमडीकडे फक्त आराखडे करण्याचे काम उरले. त्यानंतरही २०११ चा बुलडोझर हा प्रोसेसर फसला आणि २०१५ मध्ये शेअर दोन डॉलरच्याही खाली गेला.

पुढची कथा मेहुण्यांना पाठ असेल. लिसा सू ऑक्टोबर २०१४ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या, २०१७ मध्ये रायझेन ही प्रोसेसरांची मालिका आली आणि २०१९ मध्ये एएमडीने टीएसएमसीच्या सात नॅनोमीटर तंत्रावर उडी घेतली (हा आकडा जितका लहान तितके तंत्र साधारणपणे पुढचे). स्वतःचे कारखाने नसणे हे तोवर कमीपणाचे लक्षण मानले जात होते, ते या क्षणी फायद्याचे ठरले, कारण त्याच वर्षांत इंटेलचे दहा नॅनोमीटर तंत्र वर्षानुवर्षे रखडले होते आणि आपल्या कारखान्यांना सोडून दुसरीकडे जाण्याची सोय इंटेलला नव्हती. ज्या कंपनीच्या शंभर रुपयांच्या विक्रीतून उत्पादनखर्च वजा जाता एके काळी साठाहून अधिक रुपये उरत, तिच्याकडे २०२४ मध्ये तेहतीसच्या आसपास उरले. एएमडीकडे त्याच वर्षी एकोणपन्नास उरले.

मग एएमडीला भरघोस नफा झाला का? २०२४ मध्ये सुमारे २,५८० कोटी डॉलरच्या विक्रीवर तिचा निव्वळ नफा सुमारे १६४ कोटी डॉलर होता. झायलिंक्स ही कंपनी २०२२ मध्ये घेतल्यामुळे होणाऱ्या हिशेबी वजावटी त्यात आहेत, हे मान्य. पण आपल्या काउंटरशी संबंधित भाग पाहिला तर डेस्कटॉप व लॅपटॉपच्या प्रोसेसरांवर तिला सुमारे ७१० कोटींच्या विक्रीतून ९० कोटी डॉलरच्या आसपास व्यवहारातला नफा मिळाला. तिच्या नफ्याचा मोठा हिस्सा डेटा सेंटरमधून येतो. एवढे बोलबाले झालेले रायझेन कंपनीच्या तिजोरीत त्या मानाने थोडेच टाकतात.

खरा पैसा या दोघांच्या भांडणाबाहेर गेला आहे. जानेवारी २०२५ ला संपलेल्या आर्थिक वर्षात ग्राफिक्स आणि एआयच्या चिप विकणाऱ्या एनव्हिडियाने सुमारे १३,०५० कोटी डॉलरच्या विक्रीवर सुमारे ७,२९० कोटी डॉलर निव्वळ नफा मिळवला. एएमडीसाठी आणि एनव्हिडियासाठी प्रत्यक्ष चिप बनवणाऱ्या टीएसएमसीकडे २०२४ मध्ये उत्पादनखर्च वजा जाता शंभरातले छप्पन्न उरले. अ‍ॅपलने २०२० च्या अखेरीस मॅकमध्ये स्वतःचा एम १ प्रोसेसर बसवला आणि इंटेलचे एक प्रतिष्ठित गिऱ्हाईक कायमचे गेले. माझ्या मते, दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांचे भाव पाडण्यात जी वर्षे घालवली, त्यांचा सर्वांत मोठा लाभ आपल्यासारख्या दुकानदाराच्या गिऱ्हाइकाला झाला आणि त्या खालोखाल टीएसएमसीला.

इंटेल बुडेल का, या प्रश्नाचे उत्तर मी ‘नजीकच्या काळात नाही’ असे देईन. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने त्या कंपनीत सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला आणि पुढच्याच महिन्यात एनव्हिडियाने ५०० कोटी डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. आपल्या देशात अत्याधुनिक चिप बनवू शकणारी स्वतःची कंपनी हातची जाऊ देणे अमेरिकेला परवडणारे नाही. शिवाय एएमडीलाही इंटेल पूर्ण नाहीशी झालेली चालणार नाही. आयबीएमने दुसरा पुरवठादार हवा असा आग्रह धरल्यामुळे १९८२ मध्ये इंटेलने एएमडीला आपले प्रोसेसर बनवू दिले, तेव्हापासून दोघींचे हक्क एकमेकींत अडकलेले आहेत: मूळ रचना इंटेलची, ६४ बिटचा विस्तार एएमडीचा, आणि परस्पर परवान्यांवाचून दोघींचाही आजचा एकही प्रोसेसर विकता येणार नाही. कंपनी आणखी छोटी होईल किंवा तिचे कारखाने वेगळे काढले जातील, हे शक्य आहे. आपण आज विकलेल्या प्रोसेसरची हमी पाळायला कोणी उरणार नाही, ही भीती मात्र बाळगू नका.

म्हणून माल फुंकून टाकू नका. पण वितरकाच्या सांगण्यावरून गोदामही भरू नका. आपला खरा धोका कंपनीच्या ताळेबंदात नाही, सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायच्या खाचेत आहे.

इंटेल साधारण दोन-तीन पिढ्यांनंतर सॉकेट बदलते. दहाव्या आणि अकराव्या पिढीचा एलजीए १२००, बारावी ते चौदावी पिढी एलजीए १७०० वर, आणि ऑक्टोबर २०२४ पासून कोअर अल्ट्रासाठी एलजीए १८५१. प्रोसेसर पडून राहिला तर निदान भाव उतरवून खपतो, पण त्या सॉकेटचा मदरबोर्ड पडून राहिला की तो कशालाच जुळत नाही, आणि जुन्या बोर्डाची बदली मागणारा माणूस महिन्यातून एखादाच येतो. आपल्याला स्वस्तात देऊ केलेला माल कोणत्या सॉकेटचा आहे, हे आधी विचारा. मला दाट शंका आहे की तो एलजीए १७०० चा असेल. तसे असेल तर बारावी पिढीचे आय ३ आणि आय ५ शिकवणी वर्गांना व आडत दुकानांना आजही उत्तम चालतात, ते दोन महिन्यांत खपतील इतकेच घ्या. तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांबद्दल सावध राहा. प्रमाणाबाहेर व्होल्टेज जाऊन त्यांत अस्थिरता येते, हे २०२४ मध्ये इंटेलने स्वतः मान्य केले, त्यावर बायोसमधून, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमधून, दुरुस्ती दिली आणि बॉक्स पॅक प्रोसेसरांची हमी तीनवरून पाच वर्षे केली. वाढीव हमी मिळते म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण असा संगणक देताना बायोस अद्ययावत करून, तशी नोंद बिलावर घालून मगच द्या. ट्रेमधला सुटा प्रोसेसर स्वस्त पडतो खरा. त्याची हमी कंपनी थेट ग्राहकाला देत नाही, ती विकणाऱ्यावर येते. उदगीरहून तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकासमोर तेव्हा वितरक नसतो, आपण असता.

एएमडीकडे सॉकेटचे सुख आहे. एएम ४ वर २०१७ पासून पिढ्यान् पिढ्या चालल्या आणि २०२४ मध्येही त्यासाठी नवे प्रोसेसर आले. २०२२ चा एएम ५ निदान २०२७ पर्यंत चालवू, असे कंपनीने जाहीर केले आहे. त्यामुळे एएमडीचा मदरबोर्ड ठेवण्यात जोखीम कमी. अडचणी वेगळ्या आहेत, आणि त्या दुरुस्तीच्या टेबलावर दिसतात. एएम ४ प्रोसेसरच्या पोटाला बारीक पिना असतात. वर्ष-दोन वर्षांनी कूलरखालची पेस्ट वाळून घट्ट बसली की कूलर सरळ वर ओढताच प्रोसेसर लॉकमधून निसटून त्याच्यासकट वर येतो आणि कोपऱ्यातल्या चार-दोन पिना वाकतात. असा प्रोसेसर हमीत बसत नाही. संगणक थोडा वेळ चालू ठेवून पेस्ट गरम होऊ द्यायची, मग तो बंद करून कूलर डावी-उजवीकडे हळू फिरवत सैल करायचा, ही सवय हाताखालच्या मुलाला लावा. दुसरे म्हणजे एएम ४ वरच्या अनेक लोकप्रिय प्रोसेसरांत अंगचे ग्राफिक्स नसते. गेम खेळणारा मुलगा ग्राफिक्स कार्ड घेणारच असतो, पण टायपिंग संस्थेला दहा संगणक देताना कार्डाचा खर्च कोटेशनमध्ये धरायचा राहिला तर सगळा नफा तिथेच संपतो. अशा ठिकाणी नावापुढे ‘जी’ असलेला प्रोसेसर किंवा सरळ इंटेलचा आय ३ द्यावा. मात्र इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ असेल तर त्यातही ग्राफिक्स नसते, हे ध्यानात ठेवावे.

या सर्वांतून माझा सल्ला असा की एक बाजू निवडायच्या फंदात पडू नका. कार्यालयीन गिऱ्हाइकासाठी इंटेल आणि नाव घेऊन मागणाऱ्या मुलांसाठी एएम ५, तोही आगाऊ रक्कम घेऊन मागवलेला, अशी विभागणी आपल्या गावाला सोसते.

शेअरबद्दल थोडक्यात लिहितो. परदेशी शेअर घेणे नियमात बसते. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते आणि तो शेअर विवरणपत्रात वेगळा दाखवावा लागतो. पण एएमडीचा शेअर मार्च २०२४ मध्ये दोनशे डॉलरच्या वर होता, एप्रिल २०२५ मध्ये ऐंशीच्या खाली आला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा दोनशेच्या वर गेला. या सगळ्या काळात कंपनीची विक्री वाढतच होती. खाली आलेल्या त्या एप्रिलमध्ये, जूनच्या प्रवेशांचा माल भरण्यासाठी, आपल्याला हेच सहा लाख लागले असते. खेळते भांडवल त्यात घालू नका. मेहुण्यांना इतका विश्वास असेल तर त्यांनी स्वतःच्या पगारातून जरूर घ्यावेत.

आता वितरकाकडे परत जा. भाव उतरलेत म्हणून जास्त माल उचला असे तो म्हणतो, तर माल उचलल्यानंतर तीस दिवसांत कंपनीने भाव आणखी उतरवल्यास फरकाची क्रेडिट नोट मिळेल, असे त्याच्याकडून ईमेलवर लिहून घ्या. मोठ्या शहरातल्या विक्रेत्यांना ही सोय मिळते, लातूरला मागितल्याशिवाय मिळत नाही. स्कीमचे टार्गेट तिमाहीचे आहे की महिन्याचे, आणि मदरबोर्ड न विकले गेल्यास परत घेणार का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. त्याने लेखी दिले तर बारावी पिढीचा थोडा जास्त माल घ्यायला हरकत नाही. तो टाळाटाळ करू लागला तर नेहमीइतकाच घ्या आणि बिलाची मुदत पंधरा दिवसांनी वाढवून मागा.